विशेष्यावाचून

नामाबद्दल विशेष माहिती सांगून त्याची व्याप्ती मर्यादित करणारा शब्द म्हणजे विशेषण, ही व्याख्या आपण सर्वांनी शाळेत पाठ केलेली असते. या व्याख्येत विशेषणाला स्वतःचे घर नाही. ते नामाच्या आश्रयाने राहते आणि त्या आश्रयदात्याला व्याकरणाने 'विशेष्य' असे भारदस्त नाव दिले आहे. मराठीत तर विकारी विशेषण यजमानाचे लिंग आणि वचनही अंगावर वागवते: काळा घोडा, काळी घोडी, काळे घोडे. यजमान बदलला की वेष बदलायचा. असे असूनही हे आश्रित अधूनमधून यजमानाला बाहेर ठेवून स्वतःच दार उघडते. 'शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये' या म्हणीत 'माणूस' हा शब्द कुठेही नाही, आणि तरी ती म्हण माणसाविषयीच आहे. मराठीत हे इतके अंगवळणी पडलेले आहे की त्याकडे आपले लक्ष जात नाही. माझे गेले ते एका परक्या भाषेमुळे. शिवकालीन मराठीत ज्यांना 'वलंदेज' म्हणत आणि ज्यांच्या वखारीचे अवशेष वेंगुर्ल्यात अजून उभे आहेत, त्यांची ही भाषा. आज आपण तिला डच म्हणतो.

डचमध्ये 'दोत' हा शब्द दोन कामे करतो. नाम म्हणून त्याचा अर्थ मृत्यू, विशेषण म्हणून मेलेला. या विशेषणाच्या शेवटी एक पुसट 'अ' जोडला (तो मी इथे अवग्रहाने दाखवते) की शेवटचा 'त' मऊ होऊन 'दोदऽ' असे रूप होते. आणि त्याच्या आधी 'दऽ' हे निश्चयवाचक उपपद ठेवले की 'दऽ दोदऽ' म्हणजे मेलेला माणूस. मागे 'माणूस' जोडावा लागत नाही. मृत्यू आणि मृत यांच्यामध्ये अंतर एका पुसट स्वराचे. तो स्वरही असा की मराठी जिभेला शब्दाच्या शेवटी तो उच्चारायची सवय नाही. आपण 'राम' लिहितो आणि 'राम्' म्हणतो. आपण जो स्वर गिळतो नेमक्या त्याच स्वरावर डच भाषेने आपली आंधळी, आजारी, म्हातारी, मेलेली माणसे उभी केली आहेत: ब्लिंदऽ, ज़ीकऽ, औदऽ, दोदऽ.

लायडन या गावी मी अकरा वर्षे राहिले. त्याआधी पुण्याच्या एका महाविद्यालयात मराठी शिकवत होते. पतीच्या नोकरीमुळे जावे लागले. लायडनच्या भिंतींवर १९९२पासून जगातल्या अनेक भाषांतल्या कविता मोठ्या अक्षरांत रंगवलेल्या आहेत. किराणा आणायला जाताना वाटेत एखादी कविता दिसावी, आणि तिची भाषा कळत नसली तरी अक्षरांपाशी थांबावे, अशी ती जागा. संध्याकाळच्या वर्गात डच शिकवणाऱ्या बाई निवृत्त शाळाशिक्षिका होत्या. नियम आधी, उदाहरणे नंतर, अशी त्यांची जुनी पद्धत होती आणि मी स्वतः मास्तरीण असल्यामुळे ती मला मानवली.

या भाषेने माझी जी पहिली ओळख करून दिली ती मात्र थोडी गमतीची होती. देशावरून पुरुषाला जे नाव पडते ते डचमध्ये स्वतंत्र नाम असते: नेदरलांदर, इंदियर. स्त्रीचे नाव, थोडे अपवाद सोडता, देशाच्या विशेषणाला तोच पुसट 'अ' जोडून होते: नेदरलांत्सऽ, इंदियासऽ. म्हणजे घरात माझे पती नाम होते आणि मी विशेषण. हे त्यांना सांगितल्यावर ते म्हणाले, "मग विशेष्य कोण?" या प्रश्नाचे उत्तर द्यायचे मी टाळले. (जाता जाता: या विशेषणातला एखादा वर्ण इकडचा तिकडे झाला तर बाई जगाच्या दुसऱ्या टोकाला जाते. 'इंदियास' म्हणजे भारतीय, 'इंदियान्स' म्हणजे अमेरिकेतल्या मूळ रहिवाशांचे, आणि 'इंदिस' म्हणजे डचांच्या जुन्या पूर्वेकडच्या वसाहतींचे, म्हणजे आजच्या इंडोनेशियाचे. कोलंबसाचा भूगोल युरोपीय भाषांना असा अजून पुरून उरला आहे.)

उपपद बदलले की विशेषणाचा अर्थ कसा पालटतो, हे त्याहून अधिक विचार करण्यासारखे आहे. डचमध्ये उपपदे दोन. 'दऽ' हे पुल्लिंग-स्त्रीलिंगाचे एकत्रित, 'हेत' हे नपुंसकलिंगाचे. 'दऽ औदऽ' म्हणजे म्हातारा किंवा म्हातारी. 'हेत औदऽ' म्हणजे जे जे जुने ते. मराठीने ही वाटणी अंशतः शब्दांतच करून ठेवली आहे: सजीवाला म्हातारा, निर्जीवाला जुना. तरी 'जुने ते सोने' या म्हणीतले 'जुने' हे अगदी डच 'हेत औदऽ'च. आपल्याकडे नपुसकलिंग शाबूत असल्यामुळे 'खरेखोटे', 'बरेवाईट', 'उणेदुणे' अशी विशेष्यावाचूनची जोडपी आपण सहज वापरतो. वैचारिक गद्यात मात्र आपण ती वाट सोडून संस्कृत भाववाचक नामांकडे वळतो. डचमध्ये 'स्खोनहैत' म्हणजे सौंदर्य आणि 'हेत स्खोनऽ' म्हणजे जे सुंदर आहे ते. दोन्ही शब्द विचारवंतांच्या हाताशी असतात आणि त्यांचे अर्थ एक नाहीत. पहिला गुणाकडे पाहतो, दुसरा त्या गुणाने युक्त असलेल्या पण अजून नाव न मिळालेल्या वस्तूकडे. आपल्याकडे मर्ढेकरांचे 'सौंदर्य आणि साहित्य' घ्या किंवा पाटणकरांची १९७४ची 'सौंदर्यमीमांसा' घ्या, चर्चेचे पहिले पाऊल शीर्षकापासूनच गुणवाचक नामावर पडते. याने मराठी सौंदर्यशास्त्राचे काही बिघडले असे मला म्हणायचे नाही. परंतु 'सुंदर ते' या दोन साध्या शब्दांपासून कोणी सुरुवात केली असती तर मांडणी वस्तूच्या अधिक जवळून गेली असती का, असे कुतूहल मला आहे. नाही म्हणायला 'सत्यं शिवं सुंदरम्' या त्रयीतले तिन्ही शब्द विशेषणे म्हणूनच घडलेले आहेत. आपण त्यांचा घोष केला, विग्रह फारसा केला नाही.

रोजच्या बोलण्यात डच माणूस 'काहीतरी सुंदर' म्हणायचे असले की 'ईत्स मोइस' म्हणतो. 'नवे काही नाही' याला 'नीत्स नीऊस'. शेवटचा 'स' हा जुन्या षष्ठीचा अवशेष आहे. डचमधली नामांची विभक्ती जवळजवळ संपली, पण या एका कोपऱ्यात ती टिकून राहिली. आपल्या 'घरी', 'दारी', 'अंगणी' यांत जुनी सप्तमी टिकून राहिली तशी. शब्दशः पाहिले तर 'सुंदरातले काही', 'नव्यातले काहीही नाही' असा तो प्रयोग आहे. 'वात लेकर्स' म्हणजे थोडे गोडधोड. त्यातही तोच 'स'. लहान मूल खाऊ मागताना एका लोपलेल्या विभक्तीचे रूप बिनचूक चालवते.

नाम झाल्यावरही विशेषण आपला मूळ स्वभाव सोडत नाही, याचे उत्तम उदाहरण मला ल्यूसबेर्त (१९२४–१९९४) या कवी-चित्रकाराच्या एका शीर्षकात सापडले. दुसऱ्या महायुद्धानंतर डच कवितेची घडी मोडणाऱ्या पिढीतला हा कवी. त्याच्या 'दऽ ज़ेर औदऽ ज़िंग्त' या कवितेतली एक ओळ रॉटरडॅममधल्या एका इमारतीच्या छतावर दिव्यांच्या अक्षरांत झळकते आणि ज्यांनी कविता वाचलेली नाही त्यांनाही पाठ असते. मला ओळीपेक्षा शीर्षकाने अधिक थांबवले. त्याचा अर्थ, 'अतिशय म्हातारा' (किंवा म्हातारी) 'गातो' (किंवा गाते). 'ज़ेर' हे क्रियाविशेषण. ते विशेषणाच्या आधी येऊ शकते, नामाच्या आधी नाही. 'अतिशय माणूस' असे आपण म्हणत नाही. तेव्हा 'औदऽ' हे वाक्यात कर्त्याच्या जागी बसलेले असले तरी आतून अजून विशेषणच आहे. एक पाय नामाच्या उंबऱ्यावर, दुसरा बाहेर. मराठीत आणताना मात्र ते म्हातारे की म्हातारी हे ठरवल्यावाचून गाऊ देता येत नाही. 'अतिवृद्ध गात आहे' अशी पळवाट काढता येते, कारण 'गात आहे' हे क्रियारूप लिंग लपवते आणि 'अतिवृद्ध' हा तत्सम शब्द विकार पावत नाही. पण त्या वाक्यातून म्हातारपण गेले आणि सरकारी कागद आला, हे कोणाही भाषांतरकाराला कळेल.

इथे मराठीची एक युक्ती नमूद केली पाहिजे. माणसाचे लिंग सांगायचे नसेल तर मराठी त्याला नपुंसकलिंगात टाकते. 'आंधळे दळते आणि कुत्रे पीठ खाते.' दळणारी व्यक्ती पुरुष की स्त्री हे म्हण सांगत नाही, पण त्याची किंमत म्हणून त्या व्यक्तीला कुत्र्याच्याच लिंगात नेऊन बसवते. 'बिचारे', 'वेडे', 'मुके', 'खुळे' ही नपुंसकलिंगी संबोधने लहान मुलांसाठी मायेची आणि मोठ्यांसाठी कीव किंवा उपहास यांची. डचमधला 'दऽ ब्लिंदऽ' स्त्री की पुरुष हे सांगत नाही आणि तरी त्याचे माणूसपण एका वितीनेही कमी करत नाही, कारण वस्तूचे उपपद वेगळे आहे. उलट मराठीत लिंग सांगितले की म्हणी कशा होतात पाहा. 'आंधळा मागतो एक डोळा' यातला आंधळा पुरुष आहे, पण तो केवळ याचक. 'नकटीच्या लग्नाला सतराशे विघ्ने' यात मात्र नकटेपणाचा बोजा स्त्रीलाच उचलायचा आहे. नकट्याच्या लग्नाला विघ्ने आल्याचे मी ऐकलेले नाही. आणि 'मेल्या', 'मेले', 'मेलं' या घरगुती शिव्यांचे काय? कोणत्याही आजीच्या तोंडी दिवसातून दहादा येणारे हे शब्द म्हणजे दुसरे तिसरे काही नसून 'मरणे' या धातूचे कृदन्त विशेषण, विशेष्यावाचून आणि संबोधनात. डचमध्येही बोलीत 'दोदऽ'चे 'दोयऽ' होते, आणि 'दोयऽ दींदर' म्हणजे रटाळ, निर्जीव माणूस. तिथे ते रागाने म्हणतात, इथे मायेनेही, फरक इतकाच.

विशेषणाने माणसाची जागा घेतली की त्याचे इतर सगळे गुण झाकले जातात, हा आक्षेप नवा नाही. 'आंधळा' म्हटले की तो गातो, हिशेब करतो, भांडतो हे सगळे मागे पडते. म्हणून अलीकडे डचमध्ये काय आणि मराठीत काय, विशेष्य परत आणण्याकडे कल आहे: अमुक व्यंग असलेली 'माणसे' म्हणावे, नुसते विशेषण म्हणू नये. हा आग्रह मला समजतो. पण याच्या नेमकी उलट वाटचालही या दोन्ही भाषांत झाली आहे आणि ती मला अधिक महत्त्वाची वाटते.

नेदरलँड्सने सूरिनाम आणि कॅरिबियन बेटांवरची गुलामगिरी १ जुलै १८६३ रोजी कायद्याने संपवली. गुलामाला डचमध्ये 'स्लाफ' म्हणतात, साधे नाम. गेल्या काही वर्षांत वृत्तपत्रांत, संग्रहालयांत आणि सरकारी भाषणांत या नामाच्या जागी 'तोत स्लाफ ख़माक्तऽ' असा तीन शब्दांचा प्रयोग रुळला: 'गुलाम केले गेलेला'. १९ डिसेंबर २०२२ रोजी पंतप्रधान मार्क रुटे यांनी सरकारच्या वतीने माफी मागितली आणि १ जुलै २०२३ रोजी ॲमस्टरडॅमच्या ऑस्टरपार्कमध्ये राजे विल्यम-अलेक्झांडर यांनी. त्या दोन प्रसंगांच्या आसपास हा शब्दप्रयोग रोज कानावर येत होता. अनेकांना तो अवजड वाटला आणि अवजड तो आहेच. पण त्यामागचे व्याकरण पाहण्यासारखे आहे. 'स्लाफ' हे नाम माणसाची जात सांगते; जणू तो तसाच जन्मला. 'ख़माक्तऽ' हे कर्मणी कृदन्त आहे, आणि कर्मणी कृदन्त आले की कर्ता वाक्यात नसला तरी कुठेतरी असतोच. कोणीतरी केले. त्या पुसट 'अ'च्या मागे माणूस आहे आणि त्या माणसाच्या मागे आणखी कोणीतरी उभा आहे.

मराठी वाचकाला यात 'दलित' हा शब्द आठवल्याशिवाय राहणार नाही. १९५८ साली मुंबईत पहिले दलित साहित्य संमेलन भरले तेव्हा या शब्दाने वाङ्मयाच्या दारावर आपली पाटी लावली. 'दलित' हे संस्कृत क्तान्त रूप: दळला गेलेला, भरडला गेलेला. ज्या शब्दाच्या जागी तो आला तो 'अस्पृश्य'. तोही विशेषणच, तोही विशेष्यावाचून वापरला जाणारा. पण 'अस्पृश्य' हे विध्यर्थी रूप आहे: स्पर्श करू नये असा. दोष त्या माणसाच्या अंगी चिकटवला जातो, आणि न शिवणारा नामानिराळा राहतो. 'दलित' मध्ये दळणाऱ्याला नामानिराळे राहता येत नाही. दोन्ही शब्द विशेषणेच. पण एका कृदन्ताकडून दुसऱ्याकडे जाताना सबंध समाजाची साक्ष उलटली. व्याकरणाचे तास कंटाळवाणे असतात अशी तक्रार करणाऱ्या विद्यार्थ्यांपुढे मी हे दोन शब्द ठेवत असे.

आता त्या अनुनासिकाकडे येते, ज्याच्यासाठी खरे तर हा लेख लिहायला घेतला.

विशेषणाचे नाम झालेला शब्द डचमध्ये अनेकवचनी होतो तेव्हा त्याला 'न' लागतो: ब्लिंदऽ, ब्लिंदन, दोदऽ, दोदन. नामाच्या आधी आलेल्या विशेषणाला तो लागत नाही. 'आंधळी मुले' म्हणताना 'ब्लिंदऽ', नुसते 'आंधळे' म्हणताना 'ब्लिंदन'. पण लेखनातले खरे बारकावे 'दोघे', 'सगळे', 'काही', 'इतर' अशा शब्दांच्या बाबतीत आहेत. 'बैदऽ' म्हणजे दोन्ही. टेबलावर दोन पुस्तके आहेत आणि दोन्ही जुनी आहेत, तर 'न' लिहायचा नाही. दोन कुत्री आहेत, तरी नाही. दोन माणसे असतील तर 'बैदन', 'न'सहित. आणि माणसे असूनही त्यांचे नाम त्याच वाक्यात किंवा लगतच्या वाक्यात हजर असेल आणि मनातल्या मनात जोडता येत असेल, तर पुन्हा 'न' नको. आमच्या बाई फळ्यावर लिहीत: "माणूस आहे, पण दिसत नाही: 'न' लिहा." नियम शुद्धलेखनाचा, परंतु मी तो वहीत उतरवून घेतल्यावर बराच वेळ नुसती त्याच्याकडे पाहत राहिले होते. गंमत अशी की हा 'न' देशाच्या बहुतेक भागांत उच्चारलाच जात नाही. एक मेलेला आणि हजार मेलेले, दोन्ही कानाला 'दऽ दोदऽ' असेच ऐकू येतात. एक की हजार, ते क्रियापदावरून समजून घ्यायचे.

पुण्यातल्या माझ्या जुन्या टिपणांत याचा जोडीदार निघाला. १९६२ साली मराठी लेखनाचे नवे नियम आले तेव्हा न उच्चारले जाणारे अनुस्वार पुसले गेले. 'नाहीं'चे 'नाही' झाले, 'कांहीं'चे 'काही'. मात्र एका ठिकाणचा अनुस्वार राखला गेला: अनेकवचनी नामाच्या सामान्यरूपावरचा. 'आंधळ्या मुलांना' यात 'आंधळ्या'वर अनुस्वार नाही, कारण ते विशेषण आहे, 'मुलांना'वर आहे. 'मुले' काढून टाका, 'आंधळ्यांना' होते, आणि जो अनुस्वार मुलांच्या डोक्यावर होता तो आंधळ्यांच्या डोक्यावर येऊन बसतो. 'मृताचे' आणि 'मृतांचे' यांत एवढाच फरक. घाईच्या बोलण्यात तोही ऐकू येत नाही. एक मेला की अनेक, हे लिहिल्यावर कळते. दोन भाषा, एकमेकींपासून इतक्या दूर, आणि दोघींनीही न दिसणाऱ्या माणसांच्या गर्दीसाठी एक नाकातला, जवळजवळ मुका आवाज राखून ठेवलेला.

दरवर्षी ४ मे रोजी संध्याकाळी आठ वाजता नेदरलँड्समध्ये दोन मिनिटे सगळे थांबते. त्या दिवसाचे नाव 'दोदनहेरदेंकिंग', मृतांचे स्मरण. नामाच्या पोटात तेच विशेषण आणि तोच 'न'. १९४१ साली जर्मनांनी गोळ्या घातलेल्या अठरा जणांवर यान काम्पर्त याने लिहिलेल्या प्रसिद्ध कवितेच्या शीर्षकातही हाच शब्द आहे. तेव्हाच्या लेखनपद्धतीप्रमाणे दोन 'ओ' घालून, कारण त्यातला एक ओ गाळण्याचा नियम सरकारी लेखनात १९४७ साली आला. कवी त्याआधीच, १९४३च्या जानेवारीत, नॉयनगामच्या छळछावणीत मरण पावला होता. आणि सप्टेंबर २०२१मध्ये ॲमस्टरडॅममध्ये जे नावांचे स्मारक खुले झाले त्यात हा शब्द पुरा पडत नाही असे ठरवून एक लाख दोन हजारांहून अधिक विटा रचल्या आहेत. प्रत्येक विटेवर एक नाव, जन्मतारीख आणि मृत्यूसमयीचे वय. विशेष नाम एकेकाला एकेकटे परत दिले आहे. मी गेले त्या दिवशी एक वृद्ध गृहस्थ बोट फिरवीत एक वीट शोधत होते. मी बाजूच्या गल्लीत वळले.

२०१३च्या हिवाळ्यात माझे पती लायडनला गेले. नंतर जे कागद येत राहिले त्यांत ते 'ओव्हरलेदनऽ' होते. हेही विशेषणाचेच नाम. '-न'मध्ये संपणारी अशी कृदन्ते नामाच्या आधी असताना तो पुसट 'अ' घेत नाहीत. माणसाच्या जागी एकटी उभी राहतात तेव्हाच घेतात. ज्या धातूपासून ते आले त्याचा जुना अर्थ 'जाणे' असा होता. म्हणजे 'पलीकडे गेलेला'. आपणही 'ते गेले' असेच म्हणतो, आणि कुठे ते विचारत नाही. त्याच कागदांत मी होते 'नाबेस्तांदऽ'. या शब्दाचा जुना अर्थ 'जवळच्या नात्यातला'. पण 'ना' म्हणजे आज मुख्यतः 'नंतर' आणि 'बेस्तान' म्हणजे असणे, अस्तित्वात राहणे. त्यामुळे आजच्या कानाला तो 'नंतर असणारा', 'नंतर असणारी' असाच लागतो. त्यात बायको नाही, मुलगी नाही, स्त्री नाही, पुरुष नाही. आम्ही दोघी मिळून 'नाबेस्तांदन', 'न'सहित.

हा शब्द कायद्यात कसा आला ते मला पुढे समजले. १९५९ साली तिथे जो कायदा झाला त्याच्या नावात 'वेदुवन' होत्या, विधवा. संस्कृत 'विधवा' आणि डच 'वेदुवऽ' हे एकाच प्राचीन मुळाचे शब्द आहेत. इतक्या हजार वर्षांत इतक्या देशांतून जाऊनही ज्याच्यात फारसा बदल झाला नाही असा हा शब्द असावा, याचे आश्चर्य वाटत नाही. पण बायको गेलेल्या नवऱ्यालाही तो आधार मिळायला हवा हे मान्य झाल्यावर ते नाव अपुरे पडले, आणि १ जुलै १९९६पासून लागू झालेल्या नव्या कायद्याच्या नावात 'नाबेस्तांदन' आले. एका नामाच्या जागी विशेषण बसले आणि त्यात पुरुषही मावले. मला त्या कागदांनी फार काही दिले असे नाही. पण भारतातून येणारे फोन ज्या शब्दाच्या अवतीभवती फिरत, आणि तो टाळण्यासाठी माणसे वाक्ये अर्धी सोडत, तो शब्द त्या कागदांत नव्हता.

मराठीत 'नाबेस्तांदन'ला काय म्हणावे, हा प्रश्न मी बरेच दिवस सोडवीत होते. 'आप्तस्वकीय' मेलेल्याशी नाते सांगतो, पण तो जिवंतांच्या लग्नपत्रिकेतही चालतो. निधनवार्तेतले 'त्यांच्या पश्चात पत्नी व एक मुलगी असा परिवार आहे' हे वाक्य जवळचे. पण तो शब्द नव्हे, ते वाक्यच. 'मागे राहिलेले' हे त्यातल्या त्यात बरे. कृदन्त आहे, विशेष्य नाही, आणि विभक्ती लावली की 'मागे राहिलेल्यांना', 'मागे राहिलेल्यांचे' असा अनुस्वारही घेते. 'नापास होऊन मागे राहिलेले' असाही त्याचा एक अर्थ होतो. तो असू द्यावा असे मी ठरवले.

परत आल्यावर गावाकडच्या जमिनीची वारसनोंद करायची होती. तिथे पतींना 'मयत' हा शब्द मिळाला. मूळ अरबी, तोही 'मेलेला' या अर्थाचा. सातबाऱ्यावर आणि पंचनाम्यात शतकानुशतके वावरून आता पक्का मराठी झालेला. मी आणि मुलगी 'वारस'. डच कागदाने आमच्या उरण्याची नोंद घेतली होती, मराठी कागदाने हक्काची. तलाठ्यांनी दिलेल्या छापील अर्जावर 'मयताचे नाव' असे लिहिलेले होते. एकवचन, अनुस्वार नाही. त्यापुढच्या कोऱ्या जागेत मी संपूर्ण नाव लिहिले. खालच्या ओळीत हाताने मजकूर भरायचा होता. मराठीत आदरार्थी बहुवचन एकट्या माणसालाही देता येते, गेलेल्यालाही. मी लिहिले, 'यांचे वारस आम्ही पुढीलप्रमाणे', आणि 'यां'वरचा टिंब जरा ठळक दिला, कारण कागद हलक्या प्रतीचा होता आणि शाई पसरत होती.